रंग किती शिल्लक आहे?

गाडी ताब्यात घेतली तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. दहा वर्षं वापरलेली गाडी, गडद लाल रंग आणि अशी तकाकी! पहिल्यांदा धुतली तेव्हा काही जाणवलं नाही. दुसऱ्यांदा धुतल्यावर लाल जरा फिका वाटला. तिसऱ्या खेपेला सकाळचं तिरपं ऊन बॉनेटवर पडलेलं होतं आणि मी ओलं फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेषांची वर्तुळं होती, आणि त्यांच्या मधून लांबलचक, वळणदार, धुरकट पट्टे. मी एक पाऊल सरकले की ते पट्टेही सरकायचे.

माझा मोठा भाऊ वीसेक वर्षं गाड्यांच्या रंगकामात आहे. त्याला फोटो पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"अगं, विकायच्या आधी घाईघाईत पॉलिशचं मशीन मारलंय. गोल फिरणारं मशीन तिरकं धरून मारलं की असे पट्टे उठतात. मग ते लपवायला वरून ग्लेझ लावतात. तुझ्या तीन धुण्यांत ते गेलं वाहून."

ग्लेझ म्हणजे तेलकट, मलमासारखं द्रव्य. ते ओरखड्यांच्या फटीत जाऊन बसतं, त्यामुळे उजेड तिथे अडखळत नाही आणि पृष्ठभाग सपाट वाटतो. शाम्पूने ते धुतलं जातं आणि खालचं जसंच्या तसं वर येतं. मला राग आला, पण विकणाऱ्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. गाडी जशी आहे तशी घेतल्याच्या कागदावर माझी सही होती. मी दादाला म्हटलं, "मला शिकव. मीच करते."

"कर ना," तो म्हणाला, "पण मशीनला हात लावायच्या आधी रंग किती शिल्लक आहे ते मोजू."

मला वाटत होतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं. बूटपॉलिश लावतो तसं. दादाने पहिल्याच संध्याकाळी हा समज काढून टाकला. गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो. कारखान्यात अख्खा सांगाडा हौदात बुडवून, वीजप्रवाहाच्या मदतीने तो बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांत साधारण १०० ते १४० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपला केस ७०च्या आसपास असतो. म्हणजे मी ज्या थरावर मशीन चालवणार होते, तो केसाहूनही पातळ. ऊन अडवून खालचा रंग टिकवणारी द्रव्यंही याच थरात असतात. ओरखडा पॉलिशने भरत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली उतरवला, की ओरखडा उरत नाही, एवढंच. मिळालेली प्रत्येक चमक त्या पातळ थरातून खर्च झालेली असते, आणि खर्च झालेला थर कुठलंही पॉलिश परत आणून देत नाही. हे डोक्यात बसल्यापासून पुढचं सगळं काम मी वेगळ्या धास्तीने आणि, खरं सांगायचं तर, वेगळ्या मायेने केलं.

दादाने जाडी मोजायचं मीटर आणलं होतं. काडेपेटीहून थोडं मोठं. ते पत्र्यावर टेकवायचं, बीप वाजला की आकडा वाचायचा. तो सांगत गेला, मी वहीत गाडीचं चित्र काढून आकडे भरत गेले. बॉनेट ११४, ११६, ११२. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा १२१, ११९. डिकी ११८. टप ९४, ९१, ९६. मागचा डावा दरवाजा २३८, २५२, २४४.

"हा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे," दादा म्हणाला. "पुट्टी नाहीये खाली. असती तर पाचशेच्या वर गेला असता. पत्रा सरळ होता, नुसता रंग मारलाय."

"आणि टपाचे आकडे कमी का?"

"आधी कोणीतरी घासलेला असेल, नाहीतर कारखान्यातूनच तेवढा आला असेल. आपल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून कमी आहे असंच धरायचं."

हे मीटर सगळ्या थरांची एकत्रित जाडी सांगतं. त्यातला क्लिअर कोट किती, हे सांगत नाही. त्यामुळे ११४ हा आकडा बघून निर्धास्त होण्यात अर्थ नसतो. बंपर प्लॅस्टिकचे, तिथे हे मीटर चालतच नाही. मग उरतो तो अंदाज आणि संयम. आम्ही बंपरवर कमीत कमी काम करायचं ठरवलं.

मग त्याने दिवे बंद करून टॉर्च लावला. त्या वर्तुळांचं कोडं तिथे सुटलं. ती मुळात वर्तुळं नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांनी पसरलेले, बरेचसे सरळ असतात. प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं उमटल्यासारखं दिसतं. टॉर्च हलवला की जाळंही टॉर्चबरोबर हलतं. म्हणजे गाडीभर सगळीकडे तेवढेच ओरखडे आहेत, आपल्याला एका वेळी थोडेच दिसतात. हे बघितल्यावर पोटात गोळा आला होता.

मला सगळ्यात जास्त वेळ गुंतवून ठेवलं ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या मुठीमागच्या खोलगट वाटीने. तिथे नखांचे ओरखडे होते. शेकडो. दार उघडताना चार बोटं आत जातात आणि नखं दर वेळी तिथेच घासतात. दहा वर्षं कुणीतरी रोज या गाडीत बसत होतं, त्याची खूण. मी माझी बोटं आत घातली, तर ती बरोबर त्याच रेषांवर गेली.

पहिला अख्खा दिवस मशीन बाहेरसुद्धा काढलं नाही. नुसती सफाई. दोन बादल्या घेतल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून खाली, आणि दरवाजांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चिखल-रेती तिथेच असते. गोल गोल न फिरवता सरळ हात. ग्लेझचा उरलासुरला अंश निघावा म्हणून या वेळी शाम्पू जरा कडक वापरला.

मग लोहकण काढायचं द्रव्य. ब्रेक लागताना चाकातून लोखंडाचे बारीक कण उडतात, ते रंगात रुतून बसतात आणि गंजतात. हे द्रव्य फवारलं की त्यांच्याशी त्याची क्रिया होऊन जांभळे ओघळ सुटतात. माझ्या लाल गाडीवर ते जखमेसारखे दिसत होते. वास मात्र भयंकर, सडक्या अंड्यांचा. वाळू द्यायचं नाही, सावलीतच करायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. दरवाजांच्या खालच्या कडांवर डांबराचे काळे ठिपके होते, त्यांना वेगळं सॉल्व्हंट लावलं. कापड ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरलं, की विरघळून येतात. खरवडायची गरज पडत नाही.

एवढं झाल्यावर दादाने मला एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी दिली. "हातात घाल आणि बॉनेटवरून फिरव." उघड्या हाताला गुळगुळीत लागणारं बॉनेट पिशवीतून काचपेपरसारखं खरखरीत लागलं. अजून कितीतरी कण रुतलेले होते. त्यांच्यासाठी क्ले. ही मातीसारखी मऊ वडी असते. चपटी करायची, वंगणासाठी शाम्पूचं पाणी भरपूर फवारायचं आणि अजिबात न दाबता सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, करकरते. हळूहळू करकर थांबते आणि वडी नुसती घसरायला लागते. मग दुमडायची, स्वच्छ बाजू वर आणायची, पुढचा भाग. अर्ध्या तासाने माझी वडी हातातून निसटून जमिनीवर पडली. मी उचलून धुवायला निघाले, तर दादाने हातातून घेऊन कचऱ्यात टाकली. "आता त्यात रेती आहे. धुऊन निघत नाही." एकदम पटलं. आदल्या रात्री बघितलेल्या ओरखड्यांत आणखी भर कुणाला हवीय?

पाण्याचे डाग तेवढे राहिले. थेंब वाळून जातो आणि त्यातले क्षार गोल कडा करून मागे राहतात. पाणी घातलेलं व्हिनेगर कापडावर घेऊन थोडा वेळ टेकवलं तर बरेचसे गेले. काही मात्र रंगातच कोरले गेले होते, त्यांना वरून कितीही पुसलं तरी उपयोग नव्हता. पक्ष्याच्या विष्ठेचे दोन डाग बॉनेटवर तसेच. वेळेवर पुसले असते तर काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी टेप लावला. रबरी पट्ट्या, काळी प्लॅस्टिकची नक्षी, दिव्यांच्या कडा, आणि पत्र्याच्या सगळ्या धारदार कडा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि मशीनचा सगळा जोर त्या चिमूटभर जागेवर येतो. काळ्या प्लॅस्टिकवर कंपाऊंड, म्हणजे जाड पॉलिश, वाळलं तर पांढरे डाग पडतात आणि ते काढणं पॉलिशपेक्षा किचकट. टेप लावायला दोन तास लागले. कंटाळवाणं काम, पण त्यातला एक मिनिटही वाया गेला असं मला वाटत नाही.

आता खरं काम. बॉनेटवर टेपने हातभर लांब-रुंद चौकोन आखला. याच चौकोनात ठरणार होतं की पूर्ण गाडीला काय वापरायचं. नियम सोपा. सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात करायची आणि जिथे पुरेसं वाटेल तिथे थांबायचं. आधी मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश. मशीन ड्युअल अॅक्शनचं घेतलं होतं. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी हेलकावेही खातं, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. नवख्या हाताला हेच बरं. जास्त दाबलं तर पॅडचं फिरणं थांबतं आणि नुसती थरथर उरते. हे कळावं म्हणून दादाने पॅडमागच्या तबकडीवर मार्करने एक काळी रेघ मारून दिली. रेघ फिरताना दिसली पाहिजे.

पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके टाकले. मशीन आधी पत्र्यावर टेकवायचं आणि मग चालू करायचं, नाहीतर पॉलिश भिंतीभर उडतं. मंद वेगात ते चौकोनभर पसरवलं, मग वेग वाढवून आडव्या पट्ट्या, मग उभ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढलेली. पुसून बघितलं तर फारसा फरक नव्हता.

"किती भरभर चाललीस बघ," दादा म्हणाला. "झाडू मारल्यासारखं करू नकोस. सेकंदाला दोन-तीन बोटं, त्याहून जास्त सरकायचं नाही."

दुसऱ्यांदा केलं. दोन-तीन बोटं म्हणजे वाटतं त्याहून कितीतरी हळू. हात आपोआप धावतो, त्याला थोपवून धरावं लागतं. मशीनचा आवाज ऐकायला शिकले. पॉलिश ताजं असतं तेव्हा आवाज जड, ओलसर असतो. ते काम करून संपत आलं की आवाज मोकळा होतो आणि पत्र्यावर तेलाच्या हातासारखा पातळ पापुद्रा उरतो. तिथे थांबायचं. सहा फेऱ्या झाल्या, पुसलं, आणि मग दादाने पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुन्हा पुसायला लावलं. पॉलिशमध्येही तेल असतं आणि तेही ओरखडे झाकतं. माझी एकदा फसगत झाली होती, ती अशाच तेलाने. म्हणून या एका पायरीवर मी पूर्ण गाडी होईपर्यंत तडजोड केली नाही. प्रत्येक भाग अल्कोहोलने पुसूनच निकाल बघितला.

सौम्य जोडीने धुरकट पट्टे गेले होते, ओरखडे बरेच राहिले होते. शेजारच्या चौकोनात मधल्या ताकदीचं पॅड आणि मधलं पॉलिश वापरलं. टॉर्च लावला तर मला वाटतं शंभरातल्या सत्तर-ऐंशी रेषा गेल्या होत्या. तिसऱ्या चौकोनात मायक्रोफायबरचं कापणारं पॅड आणि जाड कंपाऊंड. जवळजवळ सगळं गेलं, पण खाली धुक्यासारखी कळा आली. ती घालवायला आणखी एक-दोन फेऱ्या लागल्या असत्या, म्हणजे आणखी थर गेला असता.

तिन्ही चौकोन शेजारी शेजारी होते. टेप काढला तेव्हा माझं मशीन न लागलेली बॉनेटची पट्टी मध्ये उरली होती. ती विटकरी, दुधाळ. आणि तिच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या दाण्यासारखा ओला लाल. हा रंग इतके दिवस या धुक्याखाली होता! मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं. हाताला काहीच फरक लागत नव्हता. सगळा फरक एक-दोन मायक्रॉनच्या आतला.

मी मधली जोडी निवडली. तिसरी जास्त चमकदार झाली असती, हे दिसत होतं. पण ही गाडी मला अजून बरीच वर्षं वापरायची आहे, आणि दहा वर्षांत तिच्यावर किती वेळा मशीन चाललंय ते मला माहीत नाही. वीस-तीस रेषा राहिल्या तर राहू देत. लोक 'शंभर टक्के ओरखडेमुक्त' म्हणून जे कौतुक करतात, ते रोज वापरायच्या जुन्या गाडीसाठी मला चुकीचं वाटतं. दादाला ही निवड पटली. तो नुसता "हं" म्हणाला, पण त्याचा "हं" मला कळतो.

बॉनेट, दोन्ही पुढचे मडगार्ड आणि ड्रायव्हरच्या बाजूचे दरवाजे, यात तिसरा दिवस गेला. हातभर चौकोन, सहा फेऱ्या, पॅड ब्रशने साफ, पुसणं, अल्कोहोल, टॉर्च. पुन्हा पुढचा चौकोन. दुपारी ऊन सरकून मडगार्डवर आलं आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश क्षणात वाळून घट्ट झालं. ते पुसायला जोर लावावा लागला, आणि पॉलिश केलेल्या जागी जोराने पुसणं म्हणजे नवे ओरखडे. गाडी ढकलून सावलीत घेतली, पत्रा गार होईपर्यंत थांबले आणि तो भाग पुन्हा हलक्या पॅडने केला.

चौथ्या दिवशी मागच्या डाव्या दरवाजाला लागले. दादा त्या दिवशी कामावर होता. तीन फेऱ्या झाल्या, पॅड साफ करायला उलटं केलं, आणि पांढरं पॅड लाल भडक! माझे हातपाय गार पडले. क्लिअर कोटचा थर पारदर्शक असतो. त्यावर काम चालू असेल तर पॅडवर रंग येताच कामा नये. रंग आला म्हणजे क्लिअर कोट पार करून मी खालच्या रंगात उतरले. चार दिवस ज्याची धास्ती होती, तेच. मशीन बंद करून खाली ठेवलं आणि दादाला फोन लावला.

"कुठला दरवाजा?"

"मागचा डावा."

"दोनशे चाळीसवाला? मग घाबरू नकोस. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घे आणि त्याच दरवाजाच्या दुसऱ्या टोकाला हाताने घास. जिथे मशीन लागलेलं नाही तिथे."

घासलं. फडकं तिथेही लाल झालं. पुढच्या दरवाजावर तेच करून बघितलं, तर फडकं नुसतं मळलं, लाल झालं नाही. म्हणजे हा दरवाजा पुन्हा रंगवताना वर क्लिअर कोट मारलेलाच नव्हता. साधा एकथरी रंग होता आणि त्याचा उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा पॅडवर येत होता. जुन्या काळच्या गाड्यांचे रंग असेच असत, हात लावला की भुकटी हाताला यायची. श्वास परत आला. मात्र कामाची पद्धत बदलावी लागली. मेलेल्या रंगाने पॅड लगेच चोंदतं, म्हणून प्रत्येक चौकोनाला नवं पॅड घेतलं आणि आधीचं धुऊन वाळत टाकलं. हाताने घासून बघायची ही साधी चाचणी मी पहिल्याच दिवशी सगळ्या भागांवर करायला हवी होती. मीटरने सूचना दिली होती, मी ती फक्त वहीत लिहून ठेवली.

गंमत म्हणजे सगळ्यात मोठा कायापालट त्याच दरवाजाचा झाला. इतका, की तो बाकी गाडीपेक्षा किंचित गडद दिसायला लागला. अगदी शेजारी उभं राहून बघितलं तर कळतं.

टपावर मात्र हात आखडता घेतला. नव्वदीच्या घरातले आकडे, आणि ऊन सगळ्यात जास्त टपालाच लागतं. तिथे फक्त मऊ पॅड आणि बारीक पॉलिश, चार फेऱ्या. ओरखडे आहेत, पण टपाकडे कोण निरखून बघतं? पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला, टपाच्या कडेला तळहाताएवढी जागा पांढरट होऊन सोलवटली आहे. तिथे क्लिअर कोट मेला आहे. त्याला जगातलं कुठलंही पॉलिश परत आणू शकत नाही. तिथे मशीन नेलं तर सोललेली कड उचलली जाऊन आणखी सोलते. टेपने ती जागा झाकली आणि सोडून दिली. पुढे कधीतरी दादा टप नव्याने रंगवेल.

खोल ओरखड्यांसाठी नखाची कसोटी. ओरखड्यावरून नख आडवं फिरवायचं. अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही असं समजायचं. माझ्या गाडीवर असे सात निघाले. त्यातल्या दोनांत खालचा प्रायमर दिसत होता. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो. त्यावरून रंगाची छोटी बाटली आणली आणि बारीक ब्रशच्या टोकाने ठिपका ठिपका करून भरलं. एका वेळी पातळ थर, वाळला की दुसरा. एकदम भरलं तर फुगीर गाठ दिसते. उरलेल्या पाचांच्या धारदार कडा पॉलिशने थोड्या बोथट झाल्या, त्यामुळे ते आता पहिल्यासारखे लख्खकन चमकत नाहीत. वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक काचपेपर, मारून ते घालवता आले असते, पण तो मोह टाळला.

मुठीमागची वाटी शेवटी हाताने केली. मशीन तिथे जात नाही. फोमचा छोटा तुकडा बोटाला गुंडाळून, एकेका वाटीला पंधरा मिनिटं. ड्रायव्हरच्या वाटीतल्या बारीक रेषा गेल्या, खोल तीन-चार राहिल्या.

पाचव्या दिवशी अख्ख्या गाडीवरून मऊ पॅडने शेवटचा हात फिरवला, पुन्हा अल्कोहोलने पुसलं आणि मग संरक्षण. इथे तीन वाटा होत्या. कार्नोबा मेण, हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. लाल रंगावर त्याची ऊबदार झळाळी मला फार आवडते, पण ते काही आठवडे टिकतं. दुसरं कृत्रिम सीलंट, ते काही महिने. तिसरं सिरॅमिक कोटिंग, ते वर्षभर किंवा त्याहून जास्त. सिरॅमिक नाकारलं, कारण ते काढायचं तर पुन्हा पॉलिशच करावं लागतं, आणि टपाचं काम अजून व्हायचं आहे. शिवाय कोटिंग लावलं की ओरखडे पडतच नाहीत असं सांगितलं जातं, ते खरं नाही. चुकीच्या हाताने पुसलं तर त्यावरही पडतात. सीलंट लावलं. अगदी पातळ, दिसेल न दिसेल इतकं. वाळल्यावर स्वच्छ फडक्याने उचललं.

सहाव्या दिवशी पिवळे पडलेले हेडलाइट वॉटर पेपरच्या चढत्या क्रमाने घासून साफ केले. तो वेगळाच विषय आहे.

संध्याकाळी दादा मीटर घेऊन आला. बॉनेटवर त्याच तीन जागी टेकवलं. ११२, ११३, ११०. मीटर स्वतःच दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे हे आकडे डोळे झाकून मानायचे नाहीत, असं त्याने बजावलं. मी वहीत जुन्या आकड्यांशेजारी तारखेसह लिहून ठेवले. पुढच्या वेळी कुणी या गाडीवर मशीन उचललं, तर त्याच्या हाती निदान एवढा तरी हिशेब असेल.

आता गाडी मी स्वतःच धुते. कोरड्या फडक्याने धूळ झटकणं पूर्ण बंद, कारण ते जाळं मुख्यतः त्यानेच विणलं जातं. वेळ नसेल तेव्हा धूळ तशीच राहू देते.

परवा तिसऱ्यांदा धुतली. अंधार पडेपर्यंत थांबले आणि टॉर्च काढला. बॉनेटवर दिव्याचं प्रतिबिंब एका स्वच्छ ठिपक्यासारखं पडलं, भोवती मागे राहू दिलेल्या त्या थोड्या रेषा. टॉर्च हळूहळू काचेकडे नेला. पाण्याच्या फवाऱ्याच्या दोन नळ्यांपाशी, जिथे पॅड वळत नव्हतं, तिथे बोटभर जागेत जुनं जाळं तसंच आहे. रविवारी फोमचा तुकडा घेऊन तेवढं हाताने करायचं आहे.